फिट आली की फिट आहे?

अण्णांची बायपास मिरजेत ठरली होती. रक्तपेढीनं सांगितलं, तीन डोनर आणा. मी चार दिवसांची रजा टाकून मुंबईहून रात्रभर गाडी हाणत आलेलो, पोटात कराडला घेतलेला एक चहा. रक्त दिल्यावर लगेच विमान चालवायचं नसतं हे मला माहीत होतं, पण रजाच होती. तासगावहून चुलतभाऊ, आमचा दादा, आला होता, त्याचा एक मित्र आला होता, तिसरा मी.

साडेतीनशे मिलिलिटरची पिशवी भरली. सिस्टर म्हणाल्या, दहा मिनिटं पडून राहा, बिस्किटं खा. तेवढ्यात वरून निरोप आला की ऑपरेशनच्या संमतीपत्रावर मुलाची सही राहिलीय. मी उठलो. दादा बरोबर होता. जिन्याच्या आधीच्या बोळात कानात लांबवर पंखा फिरल्यासारखा आवाज आला, नजरेच्या कडा काळ्या होत गेल्या. एवढंच आठवतं.

पुढचं आठवतं ते नाकाशी कांद्याचा उग्र वास. कुणा पेशंटच्या नातेवाइकानं भाकरीच्या फडक्यातला कांदा बुक्कीनं फोडून नाकाला लावला होता, आणि उजव्या मुठीत कुणीतरी मोटरसायकलच्या किल्ल्यांचा जुडगा कोंबला होता. लोखंड हातात दिलं की फिट उतरते म्हणतात. भोवती पंधरावीस माणसं, आणि सगळ्यांचं एकमत: फिट आली.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होता, डोळे झोपेनं तांबारलेले. त्यानं विचारलं, “झटके आले?” दादा म्हणाला, “आले की.” त्यानं केसपेपरवर निळ्या पेनानं आधी एक प्रश्नचिन्ह काढलं आणि त्यापुढे सीझर, म्हणजे फिट, असं लिहिलं. या प्रश्नचिन्हाचा अर्थ आपल्याकडच्या कुठल्याही वॉर्डबॉयलासुद्धा कळतो: शंका आहे, बघायला हवं. एक रात्र ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढला. अहवालात लिहून आलं की मेंदूच्या डाव्या टेम्पोरल, म्हणजे कानशिलाजवळच्या, भागात टोकदार लहरी दिसतात. डिस्चार्ज कार्ड टाइप होऊन हातात पडलं, त्यावर निदानाच्या रकान्यात ‘सीझर डिसऑर्डर’ होतं. प्रश्नचिन्ह टायपिंगमध्ये गळालं होतं. खाली फिटची गोळी, लेव्हेटिरासिटॅम ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तीन वर्षं. गाडी चालवू नये.

“तुम्ही काय करता?” फिजिशियननी कार्डावर सही करता करता विचारलं.

“विमान चालवतो.”

पेन थांबलं. मग त्यांनी ‘गाडी चालवू नये’च्या खाली एक रेघ ओढली.

अण्णांचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. त्यांना यातलं काही कळू दिलं नाही.

सोमवारी पहाटे माझी ड्यूटी होती. शनिवार-रविवार मी काय केलं हे लिहायला थोडी लाज वाटते. मी हिशेब केला. कार्ड मिरजेचं, नोकरी मुंबईची, कोण बघतंय? एका सीनियर मित्राला फोन केला तर तो म्हणाला, “कार्ड फाडून टाक, चक्कर आली होती म्हण, तेही कुणी विचारलं तर.” आमच्या धंद्यात हे वरचेवर ऐकू येतं. कॉकपिटमधली माणसं गुडघा दुखला तरी डॉक्टरकडे जायला बिचकतात, कारण बाहेरच्या माणसाला डॉक्टर औषध देतो, आम्हाला कागद देतो. नंतर लक्षात आलं की एका रात्रीचं बिल मी कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमवर टाकलंय, म्हणजे निदान आधीच टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीच्या, संगणकात जाऊन बसलंय. मी सच्चा म्हणून बोललो, की पकडला जाईन म्हणून बोललो, हे माझं मलाच नक्की सांगता येणार नाही.

पण तिसरंही एक होतं. खरंच फिट असेल तर? मी वैमानिक आहे म्हणून त्या बोळात काय घडलं हे मला ठाऊक असेल असं प्रत्येकजण गृहीत धरत होता. पण त्या चाळीसेक सेकंदांत मी तिथे नव्हतोच. माझ्या आयुष्यातली ती एकच घटना अशी, जिच्याबद्दल कांदा फोडणाऱ्या अनोळखी माणसाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. उतरताना शेवटच्या दोनशे फुटांवर तसा आवाज कानात आला तर? बायको स्वयंपाकघरात उभी राहून एवढंच म्हणाली, “तुझ्या मागे दीडशे जण बसतात.” मी ड्यूटीला सिक, म्हणजे आजारी, असं कळवलं आणि कंपनीच्या डॉक्टरांना कार्डाचा फोटो पाठवला.

नियम साधा आहे: आपल्या वैद्यकीय पात्रतेत काही उणं आलंय हे कळल्यावर परवाना वापरायचा नाही. चाळिशीच्या आत असल्यानं माझं क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकाची सक्तीची वैद्यकीय तपासणी, वर्षातून एकदा व्हायचं, त्याची मुदत अजून सात महिने होती. ती मुदत त्या दिवशी निरर्थक झाली. तपासणी झाली, सीए-३५ हा निकालाचा फॉर्म हातात आला, त्यावर ‘तात्पुरता अनफिट, तीन महिने’ आणि पुनर्तपासणी बेंगळुरूला, हवाई दलाच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये. सोबत न्यूरॉलॉजीचे सगळे कागद आणायचे.

मराठीत आम्ही फिट आली म्हणतो आणि फिट आहे म्हणतो, शब्द एकच. घरी आईला फोनवर सांगताना तिचा इतका गोंधळ झाला की शेवटी मी ‘पास’ आणि ‘नापास’ असे शब्द वापरायला लागलो.

जागतिक पातळीवर हे नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १ वरून येतात. त्यात वैमानिकाला काय असता कामा नये याची यादी आहे. एपिलेप्सी, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, तर आहेच, पण तिच्याच शेजारी आणखी एक ओळ आहे: समाधानकारक वैद्यकीय स्पष्टीकरण नसलेली शुद्ध हरपण्याची कुठलीही घटना. ती मी पन्नास वेळा वाचली असेल. म्हणजे एपिलेप्सी नाही एवढं सिद्ध करून भागत नाही, मग काय होतं तेही सांगावं लागतं. निर्दोष सुटायचं तर खरा चोरही धरून आणायचा.

दादरच्या न्यूरॉलॉजिस्टकडे सहाव्या दिवशी गेलो. एमआरआयची सीडी, ईईजीचा गठ्ठा, कार्ड, सगळं टेबलावर मांडलं. त्यांनी कशालाच हात लावला नाही.

“तेव्हा तुमच्याबरोबर कोण होतं?”

“चुलतभाऊ.”

“त्यांना फोन लावा. व्हिडिओ.”

द्राक्षांचा हंगाम होता. दादा शेडमध्ये होता, मागे बायका घड साफ करून क्रेटमध्ये भरत होत्या. डॉक्टर म्हणाले, “नमस्कार, हे कसे पडले ते मला करून दाखवा.” दादा लाजला. मागे कुणीतरी खुदकन हसलं. मग त्यानं फोन क्रेटला टेकवून ठेवला, शेडच्या खांबाला पाठ लावली आणि माझा अभिनय सुरू केला.

“आधी ताठ झाले की ढिले पडले?”

“ढिला. ओल्या पोत्यागत. मी काखेत हात घालून भिंतीला दाबून धरला, खाली थुंकलेलं होतं हो, फरशीवर कुठं सोडायचा?”

“म्हणजे उभंच धरलंत?”

“उभाच. मग झटके दिले चार-पाच. असे.” दादानं कोपरापासून हात उडवले, कधी डावा, कधी उजवा, ताल नसलेले. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे.

“चेहरा निळा पडला?”

“नाही, पांढराफटक. चुन्याचा हात दिल्यागत. घाम तर असा, की शर्ट पिळून घ्या.”

“किती वेळ?”

“मोजला नाही साहेब. त्या माणसानं फडकं सोडून कांदा फोडेपर्यंत.”

“शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलले?”

दादा खांबापासून उठला. “काय बोलणार? म्हणाला, सही झाली का?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. “हे तुमच्या कार्डावर कुठंय?”

कुठेच नव्हतं. कॅज्युअल्टीत फक्त ‘झटके आले का’ एवढं विचारलं होतं आणि ‘आले की’ एवढंच उत्तर मिळालं होतं. मोठी फिट येऊन गेलेला माणूस बराच वेळ भांबावलेला असतो, आपण कुठे आहोत हे त्याला उमगत नाही. मी मात्र जिथे तुटलो होतो तिथूनच धागा उचलला होता. डॉक्टरांनी मग समजावलं की साध्या चक्करेतही झटके येतात, आणि सर्रास येतात. जर्मनीत निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम बेशुद्ध करून त्याचं चित्रीकरण केलं होतं. तो अभ्यास १९९४ साली छापून आला. पूर्ण शुद्ध गेलेल्या ४२ जणांपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या अंगाला झटके बसले होते. मेंदूला काही क्षण रक्त कमी पडतं म्हणून. माणूस आडवा झाला की रक्त डोक्याकडे येतं आणि तो सावरतो, देहानं केलेली ती सोयच आहे. दादानं माया करून मला उभं धरलं, आणि ती सोय बंद केली. हे मी त्याला अजून नीट सांगितलेलं नाही.

“मग ईईजी?” मी विचारलं.

आता त्यांनी गठ्ठा उघडला. पंधरा मिनिटं एक शब्द नाही. मग एका पानावर बोट ठेवलं. कमानींची एक छोटी रांग, पेंगताना येणारी. “याला विकेट स्पाइक्स म्हणतात. १९७७ सालापासून माहीत आहेत. निरुपद्रवी. तिशीनंतरच्या माणसांत दिसतात, टेम्पोरल भागातच दिसतात, आणि फिटच्या लहरी समजून वाचल्या जातात. नाव विकेट आहे, पण यात कोणी आऊट होत नाही.”

मी हसलो, बहुतेक सहा दिवसांत पहिल्यांदा. पण ते स्वतः हसत नव्हते. म्हणाले, “आता तुमचा खरा प्रॉब्लेम ही गोळी आहे.”

यावर मी विचारच केला नव्हता. मी इमानदारीनं सहा दिवस बारा गोळ्या घेतल्या होत्या. आता कुणीही कागद बघणार तो असा बघणार: फिटचं औषध चालू आहे, म्हणजे फिट असणारच. गोळी चालू असताना ईईजी स्वच्छ आला तर म्हणतील गोळीमुळे आला. गोळी बंद केली आणि पुढे काही झालं तर म्हणतील बंद करायला कुणी सांगितलं होतं. झटक्यांमुळे ईईजी तसा वाचला गेला, ईईजीमुळे गोळी लागली, गोळीमुळे निदान पक्कं झालं. तिन्ही एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे, आणि खाली जमिनीवर पाय कुणाचाच नाही. डॉक्टरांनी गोळी स्वतःच्या सहीनं बंद केली आणि का बंद करतोय ते चार ओळींत लिहिलं. ती सही करायला हिंमत लागते. आधी मी दुसऱ्या एका मोठ्या डॉक्टरकडे गेलो होतो, त्यांचंही मत हेच होतं, पण ते म्हणाले, “तुम्ही पायलट आहात, मी लिहून देणार नाही.” त्यांच्याबद्दल मला राग नाही. फी मात्र पूर्ण घेतली.

महिनाभरानं पुन्हा ईईजी, या वेळी झोप तोडून आणि व्हिडिओसह. रात्रभर जागं राहायचं, चहा-कॉफी नाही. जागं राहणं हा माझा पेशाच, पण चहाशिवाय पहाटे चारला घरात फेऱ्या मारताना भिंतीवरचं घड्याळ थांबलंय असं वाटत होतं. मग डोक्यावर मोजून एकवीस इलेक्ट्रोड, प्रत्येकाखाली वाळूसारखी खरखरीत पेस्ट. तीन मिनिटं भात्यासारखा श्वास घ्या, मग डोळ्यांवर लुकलुकणारा दिवा, मग झोपा. मी झोपलो. अहवाल नॉर्मल, आणि त्यात कमानी दिसतात, त्या निरुपद्रवी आहेत, हेही स्पष्ट लिहिलं.

हृदयाचे ठोके नोंदवणारा चोवीस तासांचा होल्टर झाला, हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको झाला. सगळ्यात विचित्र टिल्ट टेबल. पट्ट्यांनी फळीला बांधतात आणि फळी ७० अंशांत उभी करतात. पाय हलवायचे नाहीत, बोलायचं नाही. पाऊण तास छताकडे बघायचं आणि तुम्हाला चक्कर येते का ते ते बघणार. मी तिथे लटकलेला असताना मला कळेना की मी देवाकडे काय मागू. चक्कर आली तर फिटचा डाग धुतला जाईल, पण हा माणूस चक्कर येऊन पडणारा आहे असा नवा लागेल. नाही आली तर ठणठणीत आहे म्हणतील, पण मग त्या दिवशी काय झालं होतं? मी काहीच मागितलं नाही, छतावरचे दिवे मोजले. चक्कर आली नाही. हृदयरोगतज्ज्ञांनी लिहिलं की उपाशीपोटी, जागरणानंतर, रक्त दिल्यावर लगेच उभं राहणं हे कारण पुरेसं आहे, त्यासाठी टेबलाची साक्ष लागत नाही. मग लटकवलं कशाला, हे मी विचारलं नाही.

मधल्या काळात दोनदा मिरजेला गेलो. कॅमेऱ्याचं चित्रण मिळतं का बघितलं, ते केव्हाच पुसलं गेलं होतं. कार्ड दुरुस्त करून मागितलं. रेकॉर्ड रूममधल्या बाई चांगल्या होत्या, चहा पाजला, म्हणाल्या, “दिलेलं कार्ड बदलता येत नाही हो, कुणाचंच नाही.” मी हाताने लिहिलेला केसपेपर तरी द्या म्हटलं. रीतसर अर्ज, फी, आणि दहा दिवसांनी त्याची झेरॉक्स मिळाली. निळ्या शाईची झेरॉक्समध्ये राखाडी झाली होती, पण प्रश्नचिन्ह शाबूत होतं. खालचा टिंबसुद्धा. मी त्याची सहा ठिकाणी प्रत काढून ठेवली.

पैशांचं थोडक्यात सांगतो. आमच्या पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असतो, जमिनीवर बसलेल्या माणसाला मूळ पगार. ट्रेनिंगच्या कर्जाचे हप्ते मूळ पगाराकडे बघत नाहीत. सोसायटीतल्या मुलांना वाटायचं काका हल्ली घरी जास्त असतात, म्हणजे प्रमोशन झालं.

तीन महिन्यांनी बेंगळुरू. जुन्या विमानतळ रस्त्यावर, एचएएलच्या परिसरात १९५७ पासून ही संस्था आहे. लढाऊ वैमानिक तिथे सेंट्रिफ्यूज नावाच्या गरागरा फिरवणाऱ्या यंत्रात फिरतात, आम्ही नागरी लोक फाइल मांडीवर घेऊन बाकावर बसतो. शेजारी एक कॅप्टन साखरेसाठी आले होते, दुसरा कानासाठी. कुणी कुणाला ‘काय झालं’ असं विचारत नाही, ‘कितवी खेप’ असं विचारतात. पहाटे रक्त, मग ईसीजी, डोळे, कान, मग न्यूरॉलॉजी. सुई टोचताना मी आपणहून आडवा झालो. तो तंत्रज्ञ म्हणाला, सर, बसून चालेल. मी म्हटलं, नको.

दादाची साक्ष लेखी लागणार हे न्यूरॉलॉजिस्टनी आधीच सांगितलं होतं. दादानं ती रेघांच्या वहीच्या पानावर मराठीत लिहून सही केली होती, मी इंग्रजी भाषांतर जोडलं होतं. गणवेशातल्या तज्ज्ञांनी तीच आधी वाचली. ओल्या पोत्यासारखा ढिला, पांढराफटक, घाम, कांदा फोडेपर्यंत, सही झाली का. ‘ओल्या पोत्या’वर त्यांनी पेन्सिलीनं खूण केली आणि मान हलवली. मग मला मिरजेच्या ईईजीबद्दल विचारलं आणि ब्रिटिश हवाई दलाचा एक जुना आकडा सांगितला: उड्डाणासाठी भरतीला आलेल्या १३,६५८ निरोगी तरुणांचे ईईजी तपासले तेव्हा ६९ जणांत फिट्सच्या रुग्णांसारख्या लहरी सापडल्या होत्या. १९९३ चा अभ्यास. “म्हणजे खऱ्याखुऱ्या लहरी असत्या तरी एवढ्यावरून निदान करायचं नसतं,” ते म्हणाले. “पण आम्हाला निदान करायचं नसतंच. आम्हाला धोका मोजायचा असतो.” विमानवैद्यकात एक टक्क्याचा एक जुना मापदंड आहे. दोन वैमानिकांच्या विमानात एकाला वर्षभरात अचानक निकामी होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असावी. दादरच्या डॉक्टरांना मी बरा आहे का हे हवं होतं, यांना माझी टक्केवारी हवी होती. मला आधी ते थंडपणाचं वाटलं. नंतर वाटलं, मिरजेत कुणी असं शांतपणे मोजलं असतं तर मी इथे आलोच नसतो.

शिफारस झाली, फाइल दिल्लीला विमान वाहतूक महासंचालनालयाकडे गेली. निकाल आला तेव्हा मी अण्णांना घेऊन फॉलो-अपला मिरजेतच होतो, तोच बोळ, तीच फरशी. फिट, पण अट: ठरावीक काळ फक्त अनुभवी वैमानिक बरोबर असतानाच उड्डाण, आणि त्यानंतर पुन्हा न्यूरॉलॉजी. को-पायलटच्या खुर्चीत बसणाऱ्याला या अटीनं रोजच्या कामात फरक पडत नाही, माझं कमांडचं, म्हणजे कॅप्टन होण्याचं, स्वप्न मात्र वर्षभर पुढे गेलं. सिम्युलेटरमध्ये तपासणी देऊन मी साडेपाच महिन्यांनी पुन्हा उडालो. पहिलंच सेक्टर, म्हणजे पहिली फेरी, नागपूर, उन्हाळ्यातली दुपार, विमान उकळत्या पातेल्यातल्या साबुदाण्यासारखं हलत होतं. शेजारच्या कॅप्टननी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

अट पुढे निघाली. निदान निघालं नाही. दर वर्षी मेडिकलच्या फॉर्मवर प्रश्न येतो: कधी फिट किंवा बेशुद्धी आली आहे का? आधीची सगळी वर्षं मी तिथे न वाचता ‘नाही’ लिहायचो. आता ‘होय’ लिहितो. पुढे तपशिलासाठी जागा असते, साधारण दोन बोटं रुंद. त्यात मी लिहितो, ‘रक्तदानानंतर, एकदा, फाइल जोडली आहे’. फाइल जोडतो. यंदा ती पंचिंगमध्ये मावेना, म्हणून दोन भाग केले. पहिल्या भागात सगळ्यात वर प्रश्नचिन्हाची झेरॉक्स.